चुलीची गोष्ट मीच सांगितली

आमच्या घरात कुठलाही कागद आला की तो आधी माझ्याकडे येतो. कोर्टाची नोटीस असो, विम्याचं पत्र असो, दवाखान्याचा रिपोर्ट असो. "अण्णाला वाचू दे" म्हणतात आणि सगळे चटईवर बसून घेतात. मी कागद एकदा वाचतो, मांडीवर पालथा ठेवतो आणि मग त्याची गोष्ट करून सांगतो. हा मान मला मिळाला, कारण मी बी.एस्सी.ची दोन वर्षं केली. तिसरं अजून राहिलंय. त्यालाही आता अठ्ठावीस वर्षं होतील. पोटापाण्याला यंत्रमागाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो, म्हणजे रिवायंडिंग. पण घरच्यांच्या हिशेबी मी शास्त्रज्ञ.

हे सगळं मी रागानं लिहितोय, आधीच सांगून ठेवतो. राग चार-पाच जणांवर आहे. यादी मनात तयार आहे आणि वरून पहिला मीच आहे.

माझी धाकटी बहीण आमच्या सख्ख्या आत्याच्या मुलाला दिलीय. आमच्याकडे ही रीतच. आत्याच्या घरात भाची सून म्हणून जाणार, हे ती पाळण्यात असल्यापासून धरून चालतात. तिला त्यावेळी शिकायचं होतं. तिला समजावायला कुणाला पाठवलं? मलाच. मी तिला सांगितलं होतं, "सासू म्हणजे आपलीच आत्या, नवरा म्हणजे लहानपणी तुझ्या वेण्या ओढणारा. भांडणार कुणाशी?" ती हसली आणि हो म्हणाली. लग्नानंतरही ती सासूला आत्याच म्हणते आणि भांडण काही थांबलं नाही.

त्यांना एकच मुलगी. आता तिसरीत आहे. चार पायऱ्या चढली की बसते. संध्याकाळ झाली की डोळ्यांच्या पापण्या खाली येतात, आणि लोक म्हणतात झोप आली वाटतं. ताप आला तर आठ-आठ दिवस पाय उचलत नाही. आत्यानं दृष्ट काढली, मग अंगारा, मग मालिश. शेवटी सोलापुरातल्याच मुलांच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथं मुलीचं, बहिणीचं आणि दाजींचं रक्त घेतलं. महिन्यानं रिपोर्ट घ्यायला बोलावलं, तो नेमका मे महिना. दाजींचा शाळेचे युनिफॉर्म शिवायचा कारखाना आहे. मे महिन्यात त्यांना जेवायला वेळ नसतो, पुणं लांबच. म्हणून बहिणीबरोबर मी गेलो.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. समोर कागद घेऊन त्यांनी चित्र काढायला सुरुवात केली. पेशी. पेशीच्या मध्ये केंद्रक. आजूबाजूला शेंगदाण्यासारखे आकार. म्हणाल्या, हे मायटोकॉन्ड्रिया, मुलीचा बिघाड यांच्या कामात आहे. मी लगेच पुढे सरकलो. हे मला येत होतं की! कॉलेजात शिकलो होतो. पेशीला लागणारी ऊर्जा हे बनवतात आणि हे फक्त आईकडून येतात, बापाकडून येत नाहीत. इथंच माझ्या डोक्यात गोष्ट सुरू झाली. डॉक्टर बोलत होत्या आणि मी आतल्या आत वाक्यं जुळवत होतो. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा. बहीण मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर भराभर लिहीत होती. मला वाटलं, लिहू दे बिचारीला, तिला कुठं सायन्स होतं.

परतताना गाडी कुर्डुवाडीला थांबेपर्यंत माझी गोष्ट तयार झाली होती.

त्या रविवारी आत्याकडे सगळे जमले. हुग्गी केली होती. गव्हाची खीर आत्याच्या हातची असली की मी दोन वाट्या जास्त खातो आणि खाल्लेल्या हुग्गीला जागायचं म्हणून चांगलं बोलतो. रिपोर्ट मांडीवर पालथा ठेवला. इंग्रजीत सहा पानं होती. पहिलं पान मी वाचलं होतं.

"आपल्या अंगात कोट्यवधी पेशी," मी म्हणालो. "प्रत्येक पेशी म्हणजे एक घर. घराला काय लागतं? चूल. त्या चुलीचं नाव मायटोकॉन्ड्रिया." सगळे पुढे सरकले. "आता गंमत बघा. बापाकडच्या चुली दारातच विझतात. पोरात येतात त्या आईच्याच. आईला आल्या आजीकडून, आजीला पणजीकडून. बायकांच्या वाटेनं चालत आलेला हा विस्तव आहे."

शेवटचं वाक्य मी आवाज खाली आणून म्हटलं. धाकट्या काकांनी मान डोलवली. एका चुलतबहिणीनं डोळ्याला पदर लावला. मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं.

आत्या सुपारी कातरत होती. तिनं अडकित्ता खाली ठेवला.

"म्हंजी हिच्याकडनं आलं," ती म्हणाली. "आन् हिला हिच्या आईकडनं. वहिनीच्या म्हायेराकडनं."

"तसं शास्त्र म्हणतं," मी म्हणालो. म्हणालो! त्या वेळी माझी जीभ कुणी ओढून का धरली नाही?

"मी तवाच म्हनलं हुतं. सांगोल्याची पोरगी करू नका. दुष्काळी गावचं रगत. आमच्या घरात असलं कायबी न्हवतं, हितं समदी धडधाकट."

माझी आई सांगोल्याची. तिचं आणि आत्याचं नणंद-भावजयीचं वैर पन्नासेक वर्षं चाललं. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ते संपलं, असं आम्हाला वाटलं होतं. मी ते उकरून काढलं आणि वर शास्त्राचा शिक्का मारून आत्याच्या हातात दिलं. बहीण त्या वेळी स्वयंपाकघरात होती. तिनं ऐकलं की नाही हे मी पाहिलं नाही. मी तिसरी वाटी हुग्गी घेत होतो.

आठ-दहा दिवसांनी दुपारी ती माझ्या दुकानात आली. मे महिन्याची दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि ही डोक्यावर ओढणी घेऊन चालत आलेली. मी स्टूल पुढे केलं. बसली नाही.

"अण्णा, पुण्यात डॉक्टर बोलत होत्या तेव्हा तू कुठे होतास?"

"तिथंच की. तुझ्या शेजारी."

"शेजारी खुर्ची होती. तू नव्हतास."

मग तिनं सांगितलं. दाजींना कुणीतरी एका नव्या दवाखान्याचं पत्रक आणून दिलं होतं. स्टेम सेलची इंजेक्शनं. मुलीच्या कमरेच्या हाडातून पेशी काढायच्या आणि तिच्याच अंगात सोडायच्या. स्नायू नवे तयार होतात म्हणे. भूल देणार, मणक्यात सुई देणार, तीन वेळा. पुढच्या सोमवारची तारीख घेतली होती. दाजींनी संमतीच्या कागदावर सहीसुद्धा केली होती. बहिणीनं नको म्हटलं, तर आत्या म्हणाली, "तुझ्याकडनंच आलंय ते. आता निस्तरायला निघालोय तर तू आडवी पडू नगंस."

"आणि हे काय म्हणाले माहितीये?" बहीण म्हणाली. "हे म्हणाले, 'अण्णांनी सांगितलंय ना शास्त्र.' माझ्या पोरीला सुई टोचायची की नाही, यात माझं मतच उरलं नाही, अण्णा. तुझ्या एका गोष्टीनं."

मी म्हणालो, "पण ते आईकडूनच येतं, हे खरं आहे."

माझ्यासारखा बेशरम मीच.

तिनं पिशवीतून वही काढली आणि टेबलावर आपटली. तारेचं एक बंडल खाली पडलं, ते मी उचललं नाही. "मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या थोड्या जीन्स असतात, त्या आईकडून येतात. बरोबर. पण मायटोकॉन्ड्रियाला लागणाऱ्या बाकीच्या सगळ्या जीन्स केंद्रकात असतात. त्या दोघांकडून येतात. हिचा बिघाड केंद्रकातल्या जीनमध्ये आहे. एक खराब प्रत माझ्याकडून, एक ह्यांच्याकडून. पान चार. वाचलंस पान चार?"

मी वाचलं नव्हतं.

"दोघांत तीच खराब प्रत कशी, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, तुमचं नात्यातलं लग्न आहे ना? तुमचे वडील आणि ह्यांची आई सख्खी भावंडं. दोघांना एकाच घरातून मिळाली. आजोबांकडून किंवा आजीकडून. आपल्या आईचा यात काही संबंध नाही, अण्णा. काही नाही. ती बिचारी मेल्यावर तू तिला आरोपी केलंस."

मी स्टुलावर बसलो. तिच्यासाठी काढलेलं होतं.

"आणि इंजेक्शनचं?" मी विचारलं.

"तेही मी विचारलं होतं. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास." तिनं पान उलटलं. तिचं अक्षर लहानपणापासून चांगलं. "स्टेम सेल म्हणजे अजून काहीच न झालेली पेशी. तिच्यातले मायटोकॉन्ड्रिया थोडे असतात, बारके, गोलसर, केंद्रकाजवळ गोळा होऊन बसलेले. तिला फार ऊर्जा लागत नाही, साखर अर्धवट मोडून भागवते. तिला स्नायू व्हायचं असलं की ते वाढतात, लांब होतात, एकमेकांना जोडून जाळं करतात, ऑक्सिजन वापरून जोरात काम सुरू करतात. आणि ते नुसती ऊर्जा देत नाहीत. केंद्रकाला निरोप पाठवतात. पेशीनं थांबायचं, वाढायचं की स्नायू व्हायचं, हे ठरण्यात त्यांचा हात असतो. ते नीट नसले तर पेशी मध्येच अडकते, नाहीतर कच्चा स्नायू होतो."

"म्हणजे मोटार..."

"मोटार नाही! चूल नाही! तू आता कशाचीही उपमा देऊ नकोस." तिचा आवाज फाटला. "जी जीन खराब आहे ती हिच्या प्रत्येक पेशीत आहे. कमरेच्या हाडातल्या पेशीतसुद्धा. तीच काढून तिलाच देणार. मग त्यातून चांगला स्नायू होणार कुठून? उलट भूल हिला सोसायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. भूल द्यायचीच वेळ आली तर आधी आम्हाला फोन करा म्हणाल्या. हिला उपाशी ठेवायचं नाही, ताप आला की थांबायचं नाही, आणि व्यायाम हळूहळू. एवढंच आहे हातात. हे सांगितलं तर घरात मला कोण ऐकतंय? मी लपवाछपवी करतेय म्हणतात."

मी तिला म्हणालो, मी आत्ता येतो, सगळ्यांना सांगतो. ती म्हणाली, "सांगू नकोस. कबूल कर. दोन्हीत फरक आहे."

गेलो. आत्याच्या चटईवर तेच लोक, बाहेर तेच ऊन. मी रिपोर्टचं चौथं पान उघडून, बोट ठेवून वाचत गेलो. केंद्रक, जीन, दोन प्रती. दोन मिनिटांत काका जांभई द्यायला लागले. आत्या म्हणाली, "कालपतूर येक सांगत हुता, आज येक. भैनीनं शिकवून पाठवलंय." मी म्हणालो, आत्या, मी चुकलो होतो. ती म्हणाली, "तवा चुकला न्हवतास. तवा मन लावून बोलत हुतास की." खरोखरच मन लावून बोललो होतो.

दाजी एवढंच म्हणाले, "सोमवारी त्यांच्यासमोरच विचारू. अण्णा, तुम्ही पण या."

सोमवारी आम्ही पाच जण त्या दवाखान्यात. मुलगी सकाळपासून उपाशी ठेवलेली, भूल द्यायची म्हणून. नऊ वाजताच तिच्या पापण्या खाली आल्या होत्या आणि ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होती, "बिस्किट कधी?" गार हवेच्या खोलीत पांढऱ्या कोटातला एक तरुण आला. भिंतीवर पडदा, पडद्यावर रंगीत पेशी फिरत होती.

"मायटोकॉन्ड्रिया म्हणजे काय?" त्यानं विचारलं आणि थांबला. अगदी माझ्यासारखा थांबला. "पेशीचं पॉवरहाऊस. तुमच्या गोड परीचं पॉवरहाऊस जरा थकलंय. आपण काय करणार? तिच्याच शरीरातले ताजे, तरुण शिपाई बाहेर काढणार आणि जिथं गरज आहे तिथं पाठवणार."

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. तो डॉक्टर होता की नाही, देव जाणे. गोष्टी सांगणारा मात्र पक्का होता. त्याचा थांबा, त्याचा खाली आणलेला आवाज, समोरच्या म्हातारीकडे बघून बोलायची लकब, सगळं माझ्याच दुकानातलं. मी हुग्गीवर केलं, तो एसीत करत होता. आत्याचे डोळे भरून आले होते. माझ्या वेळीही तिथं कुणाचे तरी भरले होते.

बहिणीनं विचारलं, "ते शिपाई हिच्याच हाडातले ना? मग त्यांच्यात हाच बिघाड नसेल का?"

"मॅडम, आपण पॉझिटिव्ह राहायला हवं."

"मी पॉझिटिव्हच आहे. रिपोर्टसुद्धा पॉझिटिव्हच आहे, म्हणून विचारतेय. बिघाड असलेली पेशी स्नायू कशी होणार?"

"आईंची काळजी समजू शकतो. पण फादरनी सही केलीये, आणि घरातल्या मोठ्यांचा पाठिंबा आहे..." त्यानं आत्याकडे हात केला.

तेव्हा मी उठलो. गोष्ट सुचली नाही, आणि सुचली असती तरी सांगितली नसती. मी म्हणालो, "हा बिघाड फक्त आईकडून आला, असं या लोकांना मी सांगितलं. ते खोटं आहे. रिपोर्ट न वाचता सांगितलं. तो दोघांकडून आलाय. सही करताना दाजींना हे माहीत नव्हतं. मुलीला उपाशी ठेवायचं नाही आणि भूल द्यायच्या आधी पुण्याला विचारायचं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही पुण्याला फोन केला होता?"

त्यानं टॅबलेटवर काहीतरी सरकवलं. "आमचे सीनियर बघतात ते."

"केला होता का?"

"सर, आवाज खाली."

आवाज माझा आयुष्यभर खालीच आणलेला, योग्य जागी. आज खाली येईना. शेजारच्या खोलीतून दोघं डोकावून गेले.

इतका वेळ गप्प बसलेले दाजी पुढे झाले. हा माणूस दिवसाला शेकडो कॉलर तपासतो, एक टाका सुटलेला चालवून घेत नाही. त्यांनी अगदी साधं विचारलं, "हिच्यासारखा आजार असलेल्या किती पोरांना दिलंत? त्यातल्या एकाच्या बापाचा नंबर द्या. मी बाहेर जाऊन बोलतो, दोन मिनिटं."

"ते गोपनीय असतं सर."

"नाव सांगू नका. त्यालाच मला फोन करायला सांगा. आम्ही बसतो इथं."

तो तरुण हसला आणि म्हणाला, प्रत्येक केस वेगळी असते. दाजींनी त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग हात पुढे केला. "सहीचा कागद द्या."

"सर, तारीख पुन्हा मिळायला..."

"कागद."

कागद मिळाला. बहिणीनं पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला आणि त्याच खोलीत, त्याच्या पडद्यासमोर, पोरीला खायला दिलं. कुरकुर आवाज होत होता.

बाहेर जिन्यात आत्या थांबली. "म्हंजी माझ्या आई-बापावर आलं शेवटी," ती म्हणाली.

"कुणाचा गुन्हा नाही, आत्या," बहीण म्हणाली. "डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, हे कुणालाच माहीत नसतं. पण गुन्हा नाही हे तुला आत्ता बरं वाटतंय. माझ्या आईवर होता तेव्हाही बरं वाटत होतं."

"मी काय मुद्दाम..."

"पुरे, आत्या. बास. तिचं माहेर सांगोलं होतं, तुझं माहेर तेच माझं माहेर. आता बोट कुणाकडे करतेस, कर."

आत्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. तिच्या मागे मुलगी, तीही तशीच. मी मुलीला उचलायला गेलो तर बहिणीनं हातानंच थांबवलं. "तिला सांगितलंय, दोन उतरायच्या, एक श्वास घ्यायचा. उतरू दे." आम्ही सगळे मग तिच्या वेगानं उतरलो. मला वाटलं, आता बहीण माझ्याकडे बघेल, काहीतरी म्हणेल. खाली आल्यावर ती म्हणाली, "पुढच्या वेळी पुण्याला हे येतील. तू नको."

"सीझन..."

"सीझन बघतील ते."

दाजींनी मान हलवली. मी एकटा रिक्षा करून दुकानात आलो आणि एका बिचाऱ्या गिऱ्हाइकावर, त्याची मोटार दुसऱ्यांदा जळाली म्हणून, असा ओरडलो की तो मोटार तिथंच टाकून गेला.

मुलगी आता फिजिओथेरपीला जाते. बरी झालेली नाही. या आजारात बरी झाली असं कुणी म्हणत नाही. थकली की थांबते, ताप आला की सगळे धावतात. आत्या सोमवारचा उपवास स्वतः करते आणि नातीला भरवते. बहीण माझ्याशी बोलते, पण कागद मला दाखवत नाही.

माझा राग गेलेला नाही, कारण प्रकरण संपलेलंच नाही. चुलीची गोष्ट माझ्याआधी गावोगाव पोहोचली. परवा अक्कलकोटहून एका दूरच्या पाहुण्याचा फोन आला. त्यांच्या मुलीसाठी एक स्थळ आलंय. मुलाची आई आमच्या आईकडच्या लांबच्या नात्यातली, तर "तुमच्याकडच्या बायकांतनं ते विझक्या चुलीचं येतं म्हणे, खरं का अण्णा? तुम्हीच सांगितलं होतं की."

मी म्हणालो, "खोटं आहे. मी चुकीचं सांगितलं होतं. खराब जीन दोघांकडून आली, नुसत्या बायकांकडून नाही. आपल्याच लोकांत लग्नं करता ना, मग एखाद्या डॉक्टरीणबाईंना विचारून घ्या."

"असं होय," तो म्हणाला. "पण अण्णा, ते चुलीचं तुम्ही काय झकास सांगितलं होतं. ते जरा पुन्हा सांगा की. आमच्या हिला ऐकायचंय, फोन स्पीकरवर टाकतो."

मी पहिल्यापासून सुरुवात केली. पान चार, ओळ पहिली.